कॉलर, बाही आणि माझी पहिली लाईन

आमच्या फॅक्टरीत सुपरवायझर ओळखायचा तो आवाजावरून. मैसूर रोडवरच्या त्या इमारतीचा जिना चढून वर आलं की मशिनांच्या घरघरीवर चार-पाच पुरुषी आवाज तरंगत असायचे. "बेगा, बेगा," म्हणजे लवकर, लवकर. "हात चालव." "काल झोपली नाहीस काय?" कुठल्या लाईनीवर कोण ओरडतोय ते न बघताही सांगता यायचं. मी तेव्हा चेकिंगच्या टेबलावर होते. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, शिवणी बघायच्या, चूक दिसली की त्या जागी लाल बाण चिकटवून परत पाठवायचा. या कामाला आवाज लागत नाही. माझा तर असा होता की बसमध्ये कंडक्टर दोनदा विचारायचा, कुठं जायचंय म्हणून.

त्यामुळे प्रॉडक्शन मॅनेजरनी मला बोलावून "नवीन लाईन टाकतोय, तू घे" असं म्हटलं, तेव्हा मी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"तुझी नजर चांगली आहे," ते म्हणाले. "संध्याकाळी कॉलेजला जातेस ना? मॅनेजमेंट शिकतेस ना? मग कर की."

आमच्या मजल्यावर मशीनवर बसणाऱ्या जवळपास सगळ्या बायका आणि त्यांच्यामागं उभे राहणारे सगळे पुरुष, अशीच रीत होती. नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत बेंगळुरात गल्लोगल्ली कपड्यांच्या फॅक्टऱ्या निघत होत्या आणि सगळीकडं हेच चित्र होतं. मॅनेजरनाही ते ठाऊक होतं. त्यांनी आवाज खाली आणला. "परदेशी जाणारी एक शिपमेंट देतो. वेळेत गेली तर लाईन तुझी. नाही गेली तर लाईन मोडणार, बायका दुसऱ्या लाईनींत वाटणार आणि तू परत टेबलावर. मग मालकांपुढं पुन्हा कुठल्या मुलीचं नाव काढायला मला तोंड राहणार नाही. सरी, चालेल?"

"सरी सर," मी म्हणाले. ते त्यांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही, कारण ते तोवर वळले होते.

त्या दिवशी मी घरी कशी आले ते मला सांगता येणार नाही. चालत आले असेन, पण पाय जमिनीवर होते असं वाटत नाही.

आमचं घर कॉटनपेटच्या मागच्या गल्लीत. आम्ही शिंपी. आमचे लोक कधीकाळी महाराष्ट्रातून इकडं आले ते इथलेच झाले, घरात मराठी आणि दारात कन्नड. अप्पांचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. मी मशीनवर बसायचं नाही, असं अप्पांनी मी लहान असतानाच ठरवून टाकलं होतं. आईच्या ब्लाउजांची मात्र घाई असली की ते तिकडं बघत नसत.

"सुपरवायझर म्हणजे तू करणार काय?" अप्पांनी विचारलं.

"बायकांकडून काम करून घ्यायचं."

"आणि त्या काय करणार?"

"एक कॉलर करणार, एक बाही लावणार, एक खिसा. मग दुसऱ्या काज करणार, बटणं लावणार."

"आणि शर्ट कोण शिवणार?"

"तसा अख्खा कुणीच नाही शिवत, अप्पा."

त्यांनी गळ्यातली टेप दोन्ही बाजूंनी सारखी केली. "मग तो शर्ट कुणाचा म्हणायचा?"

"कुणाचा का असेना," आई आतून म्हणाली, "पोरीला खुर्ची मिळतेय ना."

"खुर्ची नाही आई. सुपरवायझर उभाच असतो."

"अय्यो, मग चेकिंगला काय वाईट होतं?"

पण मी बघत होते, अप्पा त्या दिवशी गिऱ्हाइकांना माप घेता घेता सांगत होते, आमची मुलगी सुपरवायझर झाली. शर्ट कुणाचा हा प्रश्न गिऱ्हाइकांना मात्र त्यांनी घातला नाही.

लाईन म्हणजे एकामागं एक मांडलेली मशिनं. कापलेल्या तुकड्यांचे गठ्ठे एका टोकाला येतात, त्यांना आम्ही बंडल म्हणायचो. बंडल हातोहात पुढं सरकतं आणि दुसऱ्या टोकाला टेबलावर शर्ट पडतो. टेबलाशेजारी फळा असतो. दर तासाला किती शर्ट पडले ते त्यावर खडूनं लिहायचं, शेजारी किती पडायला हवे होते तेही. हा फळा सगळ्या मजल्याला दिसतो.

पहिल्या दिवशी मी ओरडून बघितलं. खरंच बघितलं. सकाळी न्हाणीघरात सराव करून गेले होते. लाईनीच्या मध्यावर उभी राहून म्हणाले, "बेगा, बेगा."

कॉलरवर बसलेल्या बाईनं मशीन थांबवलं. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असेल. सगळ्या मजल्यावर तिच्याइतकी सरळ कॉलर कुणाची होत नव्हती आणि हे तिला चांगलं माहीत होतं. कॉलर करणारीला फॅक्टरीत मानही जास्त. बाहीवाली, खिशावाली तिच्या खाली धरल्या जायच्या.

"मेडम," ती गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "परत एकदा म्हणा. मागच्या बाकावर पोचलं नाही."

सगळी लाईन हसली. मी पण हसले, दुसरं काय करणार. मग मी परत ओरडले नाही.

बाहीवर बसायची ती सगळ्यांत वयस्कर. तिला सगळ्या अक्का म्हणायच्या, मग मीही म्हणू लागले. हात सावकाश, पण तिनं लावलेली बाही चेकिंगच्या टेबलावरून परत गेल्याचं मला आठवत नाही. ती हसण्यात सामील झाली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत नुसतं म्हणाली, "घसा बसेल गं, पोरी."

त्याच आठवड्यात कॉलेजात आमच्या पुस्तकातलं प्रेरणेचं प्रकरण सुरू झालं. आमचे सर दिवसभर कुठल्याशा ऑफिसात काम करून शिकवायला यायचे, त्यामुळे त्यांचं बोलणं मला पुस्तकापेक्षा खरं वाटायचं. ते म्हणाले, माणसाला कौतुक लागतं, आणि ते चारचौघांत लागतं. मी ते वाक्य उतरवून घेतलं. मला वाटलं, सापडलं. बाकीचे सगळे ओरडतात, मी कौतुक करणार.

आमच्या गेटबाहेर संध्याकाळी फुलवाल्या टोपल्या घेऊन बसायच्या. मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा गजरा तिथं मोळावर मिळतो, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक मोळ. दुसऱ्या दिवशी मी लाईनीला सांगितलं, ज्या बाईचे पीस सगळ्यांत जास्त होतील तिला रोज घरी जाताना एक मोळ मल्लिगे, सगळ्यांसमोर.

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. "लांब हाताचं मोळ की आखूड हाताचं?" कॉलरवालीनं विचारलं.

"लांब हाताचं."

"मग ठीक आहे."

आणि लाईन पळाली. मशिनांचा आवाजच बदलला. कॉलरवाली मान वर करीना, खिशावाली पाणी प्यायला उठेना. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती चालत होते आणि मनात म्हणत होते की हे सरांना सांगायला पाहिजे. संध्याकाळी कॉलरवालीला गजरा दिला. तिनं तो ऐटीत माळला आणि जिना उतरताना मुद्दाम मान वळवत गेली. दुसऱ्या दिवशीही तिलाच. तिसऱ्याही.

फळ्यावरचा आकडा मात्र खाली आला.

मला कळेना. सगळ्या आधीपेक्षा जास्त काम करत होत्या आणि शर्ट कमी पडत होते. मी लाईनीत शिरून नीट बघितलं तेव्हा दिसलं. कॉलरींचा ढीग अक्काच्या शेजारी तिच्या खांद्याएवढा झाला होता. कॉलरी होत्या, पण बाह्यांशिवाय शर्ट पुढं सरकणार कसा? त्यात लहान मापाची बंडलं लवकर होतात म्हणून बायका ती ओढून स्टुलाखाली लपवून ठेवत होत्या. पूर्वी शेजारणीची सुई मोडली तर हात लांब करून आपली द्यायच्या, आता कुणी मान वळवत नव्हतं. एका टोकाला जत्रा आणि दुसऱ्या टोकाला टेबलावर हेल्पर मुली जांभया देत बसलेल्या.

मॅनेजर येऊन फळ्यासमोर थांबले. खडू उचलला, परत ठेवला आणि गेले. शेजारच्या लाईनीचा सुपरवायझर मात्र मला ऐकू येईल असं म्हणाला, "फुलांचं दुकान चांगलं चाललंय."

आणि दुसऱ्या दिवशी अक्काचे पीस सगळ्यांत जास्त झाले. तिनं चहाची सुट्टी घेतली नव्हती, ढीग उपसत बसली होती, आणि कॉलरीला त्या दिवशी बंडलं कमी आली होती. मला इतका आनंद झाला. शेवटी कॉलर सोडून दुसरं कुणी जिंकलं, ते पण अक्का. मी पळत जाऊन गजरा आणला, नेहमीपेक्षा मोठा, आणि लाईन सुटायच्या वेळी सगळ्यांसमोर तिच्यापुढं धरला.

मशिनं बंद झाली. कुणी हललं नाही.

कामाच्या वेळी आम्ही सगळ्याच डोक्याला फडकं बांधायचो, केस दिसायचे नाहीत. कपाळावर अक्का छोटी टिकली लावायची. तिचा नवरा जाऊन किती वर्षं झाली हे सगळ्या लाईनीला माहीत होतं आणि मी कधी विचारलंच नव्हतं. तिच्या पिढीत, तिच्या गावाकडं, नवरा गेल्यावर बाई फूल माळत नाही.

"मी माळत नाही गं," ती म्हणाली. रागावून नाही, वेळ विचारली आणि सांगितली तसं. मग तिनं माझ्या हातातून गजरा घेतला, लाईनीच्या शेवटी गेली आणि जिथं शर्ट येऊन पडतात त्या टेबलाच्या वरच्या खिळ्याला अडकवला. "इथं राहू दे. इथं छान वास येतो."

"अक्का, म्हणजे आता टेबल माळणार होय?" कॉलरवाली म्हणाली. सगळ्यांना हसू फुटलं.

मी त्या दिवशी कॉलेजला गेले नाही. घरी आले तर आईकडं लग्नाचे ब्लाउज आले होते आणि सगळं घर कामाला लागलं होतं. आई मशीनवर, वहिनी हुक लावत, मी न विचारता हेमिंगला बसले. माझ्या पुढ्यातलं संपलं तसं मी वहिनीच्या पुढ्यातले दोन ब्लाउज ओढून घेतले. तीही काही बोलली नाही, तिला सुचलंही नसेल बोलायचं. आमच्याकडं हे असंच असतं. हात रिकामा झाला की शेजारचं ओढायचं. कुणी किती केले हे कुणी विचारत नाही, ब्लाउज किती झाले एवढंच आई विचारते.

माझा हात हुकावर तसाच थांबला. वहिनी म्हणाली, "टोचलं काय?"

"नाही," मी म्हणाले. "आत्ताच सकाळ व्हायला पाहिजे होती."

"स्वल्प थांब की," आई म्हणाली. "आधी हे संपव."

सकाळी मी लाईनीला सांगितलं की गजरा आता कुणा एकीला नाही. फळ्यावरचा आकडा पुरा झाला की टेबलावरच्या खिळ्याला, आणि घरी जाताना ज्यांना हवा त्यांनी तोडून घ्यावा. याला सगळ्यांनी माना डोलावल्या. पण पुढचं अवघड होतं. मी म्हणाले, जिच्या पुढं ढीग साचेल तिच्याकडं जिचा हात मोकळा असेल तिनं सरकायचं. आणि आत्ता ढीग बाहीवर आहे.

सगळ्यांनी कॉलरकडं बघितलं.

"मी?" कॉलरवाली म्हणाली. "बाहीवर?"

जेवणाच्या सुट्टीत मी तिच्याशेजारी जाऊन बसले. तिनं डबा थोडा बाजूला सरकवून मला जागा दिली. मीच म्हणाले, "तुमच्याइतकं कुणी शिवत नाही इथं."

"गोड बोलून बाहीवर बसवणार?"

"हो."

तिनं माझ्याकडं बघितलं. "मी कॉलरपर्यंत यायला पाच वर्षं घातली, मेडम. आधी धागे कापले, मग काज, मग खिसा. आता सगळ्या मजल्यासमोर उठून बाहीवर जाऊ? उद्या बाकीचे सुपरवायझर म्हणतील, हिला कॉलरवरनं काढली. तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय यावर?"

"पुस्तकात लाईन नाहीये," मी म्हणाले.

"मग ते पुस्तक घरी ठेवा आणि आधी तुम्ही बसून दाखवा बाहीवर. मग बघू."

सुपरवायझरनं मशीनवर बसायचं नाही, असा तिथला नियम होता. लिहिलेला नाही, पण होता. अप्पांचा होता तो वेगळाच. पण मला बाही लावता यायची, घरात किती लावल्या होत्या. सुट्टी संपल्यावर मी अक्काच्या शेजारचं मोकळं मशीन ओढलं, बाही आणि शर्ट जुळवला आणि पायडल दाबलं.

घरचं मशीन पायानं हळूहळू चालवायचं असतं. हे विजेचं. ते असं सुटलं की बाही माझ्या हातातून पळाली, मी मागं धावले आणि पाय उचलायचं विसरले. थांबले तेव्हा बाहीला खांद्यापाशी पडद्यासारख्या चुण्या पडल्या होत्या आणि शर्टाची पाठ पण तिच्यात शिवली गेली होती.

अक्कानं तो शर्ट उचलून धरला. आधी खिशावाली हसली, मग काजवाली, मग सगळी लाईन. शेजारच्या लाईनीचे लोक उठून बघायला लागले. मी टाके उसवायला घेतले आणि दुसरा शर्ट मशीनखाली घातला. काय सांगू, मला मजा येत होती. दुसरी बाही पहिलीपेक्षा बरी झाली. म्हणजे फक्त बाहीच शिवली गेली, पाठ वाचली.

"उठा," कॉलरवाली माझ्या डोक्याशी येऊन उभी होती. डोळ्यांतनं हसून पाणी आलं होतं. "उठा मेडम, लवकर. तुमच्या हातानं शिपमेंट गेली तर तिकडचे गोरे लोक कुबडे आहेत असं वाटेल." तिनं मला स्टुलावरून जवळजवळ ढकललंच, बसली, आणि चार बाह्या लावून अक्काकडं बघितलं. "अक्का, तुमची शिवण जरा बाहेरनं घेता काय?"

"आतनं. हे बघ."

आणि ती बघू लागली.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल लिहायला बसले की माझी वाक्यं घाई करतात. कॉलरींचा साठा झाला की ती स्वतःच उठायची, मला सांगावं लागायचं नाही. "बाहीला पाहुणी जाते," म्हणायची. खिशावाली काज शिकली. स्टुलांखालची बंडलं आपोआप बाहेर आली. अक्का वेगानं शिवू लागली असं नाही, पण तिच्यासमोर आता डोंगर नव्हता. फळ्यावरचा आकडा एक दिवस पुरा झाला, दुसऱ्या दिवशी पुरा होऊन वर थोडे शर्ट झाले. मी तो आकडा लिहिताना खडू मोडला. टेबलावरच्या हेल्पर मुलींना जांभई द्यायला वेळ नव्हता. मी दिवसभर फक्त एवढंच बघत फिरायचे की पुढचा ढीग कुठं होणार आहे, आणि ते मला आधी कळायला लागलं होतं, भात उतू जायच्या आधी आईला कळतं तसं.

शिपमेंट जायच्या दोन दिवस आधी मॅनेजर आले. कॉलरचं स्टूल रिकामं होतं.

"कॉलर कुठाय?"

"बाहीवर, सर."

"सगळ्यांत चांगली ऑपरेटर बाहीवर? कुणी बसवली?"

मशिनं चालूच होती, पण मला माहीत होतं की सगळ्या ऐकतायत. मी सांगितलं की मी बसवली. अजून काहीतरी सांगायचं होतं, ढीग, मोकळा हात, आमच्या घरचे ब्लाउज, पण मी सुरुवात शोधेपर्यंत दुसरंच कुणी बोललं.

"मी स्वतः बसले, सर," मागून कॉलरवाली मशीन न थांबवता म्हणाली. "मेडमना बसायचं होतं इथं, पण त्यांनी माणसाला पाठीवर बाही लावली."

मॅनेजरनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं, मग फळ्याकडं. फळ्याकडं बराच वेळ बघितलं. आणि पुढच्या लाईनीकडं निघून गेले.

शेवटच्या दिवशी दुपार कलायच्या आत शेवटचं खोकं बंद झालं. ते खाली ट्रकमध्ये चढवताना आम्ही सगळ्या खिडकीशी गोळा झालो. खोक्यात बघण्यासारखं काही नसतं, तरी आम्ही बघत होतो. ट्रक गेटातून वळला तेव्हा मॅनेजर मागं येऊन उभे होते.

"सोमवारी नवीन स्टाईल येतेय," ते म्हणाले. "चेक्सचा शर्ट. रेघेला रेघ जुळली पाहिजे, खिशाला पण. अवघड आहे." मग वळता वळता, "तुझ्या लाईनीला देतोय."

तुझ्या लाईनीला. मी "सरी सर" म्हणाले का, तेही आठवत नाही.

मी वळून बायकांना सांगितलं. लाईन राहणार, आपण सगळ्या एकत्रच, सोमवारी चेक्स. मला वाटलं होतं टाळ्या होतील.

"चेक्स?" खिशावाली म्हणाली. "अय्यो देवा. खिसा जुळवता जुळवता डोळे जातील."

"खिसा राहू दे, कॉलरीची दोन्ही टोकं सारखी यायला पाहिजेत," कॉलरवाली म्हणाली. "एका बाजूला लाल रेघ आणि दुसऱ्या बाजूला निळी असं झालं तर?"

"कापतानाच जुळवून आणायला सांगा," अक्का म्हणाली. "नाहीतर बाहीला पण तेच."

"मग कटिंगवाल्याकडं कोण जाणार? तो कुणाचं ऐकत नाही."

"आपण सगळ्याच जाऊ."

"आत्ता?"

"मग काय सोमवारी?"

आणि त्या निघाल्याही, फडकी सोडत, एकमेकींच्या पुढं बोलत. मला कुणी काही विचारलं नव्हतं. त्या जिन्यापर्यंत पोचल्यावर कॉलरवाली वळून म्हणाली, "मेडम, येताय ना?" तेव्हा मी त्यांच्या मागं पळाले.